मदत हवी आहे : तिसरीतल्या मुलाची शाळेतली हजेरी

नमस्कार. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी आम्हीच मुलाला चार दिवस घरी ठेवले आणि तेव्हापासून, विशेषतः सोमवारी, एक बूट पायात आणि दुसरा हातात धरून तो उंबऱ्यावर बसतो व पोट दुखत असल्याचे सांगतो. रिक्षा निघून गेली की मात्र पंधरा मिनिटांत त्याला शेंगाचटणी-भाकरी चालते. डॉक्टरांच्या तपासणीत काही आढळले नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरावी लागते. महिन्याला दोनच दिवस बुडाले तरी वर्षाअखेरीस वीसेक दिवस जातात, हा हिशेब बाईंनी हजेरीपट दाखवल्यावर मी प्रथमच केला.

मी यंत्रमागावर रात्रपाळी करतो, त्यामुळे घरातील निजानीज उशिरा होते, हा दोष आमचाच आहे. चॉकलेटचे आमिष दोन दिवस टिकले. आता दप्तर आणि गणवेश रात्रीच काढून ठेवतो, त्याचा थोडा उपयोग होतो.

उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू होण्यापूर्वी त्याची झोपेची वेळ हळूहळू अलीकडे कशी आणावी? वर्गात कोणी चिडवते की पाढ्यांची भीती वाटते, हे उलटतपासणी न करता त्याच्याकडून कसे काढून घ्यावे? पाळीचे काम करणाऱ्या पालकांनी स्वतःचा अनुभव कृपया सविस्तर लिहावा.