मदत हवी आहे: परीक्षेला लेखनिक नाकारतायत, सांगली

कृष्णाकाठ: कुणी लवकर सांगेल का? बहिणीची सेमिस्टर पुढच्या आठवड्यात सुरू होतेय आणि कॉलेज लेखनिक (ती सांगेल तसं पेपरात लिहिणारा) द्यायला तयार नाही. "कार्ड आणा, मग बघू" एवढंच ऐकवतात. तक्रार कुठं करायची?

मिरजकर: त्रास काय आहे? टक्केवारी किती? यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघालंय का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

हळदपेठ: एसटीची सवलत घेता का? ४० टक्के किंवा जास्त असलेल्या दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सूट असते. माझा भाऊ घेतो, खूप फरक पडतो.

मिरजकर: अहो, ते परीक्षेचं विचारतायत.

कृष्णाकाठ: बीकॉम दुसरं वर्ष. अपघातात उजव्या हाताची नस गेली, ऑपरेशन झालंय. सर्टिफिकेटवर ३५ टक्के. पानभर लिहिलं की बोटं आखडतात, पेन सुटून पडतं.

निवृत्त_गुरुजी: ४० च्या आत असेल तर विषय संपला. आम्ही वर्षानुवर्षं परीक्षेची कामं केलीत. नियम सगळ्यांना सारखा.

कोर्टगल्ली: गुरुजी, माफ करा, पण ते मागे पडलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे, म्हणजे उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागांसाठी. लेखनिकाचं वेगळं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात स्पष्ट केलं की ४० टक्के भरत नाहीत एवढ्यावरून लेखनिक नाकारता येणार नाही. पुढं ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रानं ४० च्या खालच्यांसाठी सूचना काढल्या. तासाला २० मिनिटं जादा वेळही आहे. मात्र 'हिला लिहायला अडचण आहे' असा सरकारी रुग्णालयाचा दाखला लागतो. टक्केवारीचं सर्टिफिकेट त्यासाठी पुरत नाही.

निवृत्त_गुरुजी: निकाल दिल्लीत लागतो. प्राचार्य सही करतात ती कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं पत्र बघून. ऐनवेळी येऊन भांडलं की त्यांचीही अडचण होते.

कोर्टगल्ली: म्हणून मुलीनं वर्ष घालवायचं? पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, सरळ तिकडं तक्रार टाका.

तासगावची_आई: तक्रार पळून जात नाही, पेपर जाईल. दादा, लेखी अर्ज दिलाय का?

कृष्णाकाठ: ताई, नेला होता. खिडकीवर घेतलाच नाही.

तासगावची_आई: मग आजच प्राचार्यांना ई-मेल करा, प्रत विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला. उद्या छापील प्रत आवक विभागात देऊन पोच मागा. अर्ज तुमच्या नावानं नको, तिच्या नावानं आणि तिच्या सहीनं द्या. ती सज्ञान आहे, हक्क तिचा आहे आणि वेळेत मागणं, कागद पुरवणं हेही तिच्याकडंच. त्यात नुसतं 'सवलत द्यावी' असं मोघम लिहू नका. लेखनिक आणि जादा वेळ, दोन्ही नावानिशी मागा. सकाळी सिव्हिलला अस्थिरोग विभागात जा, ऑपरेशनचे कागद बरोबर ठेवा.

आणि आजपासून सांगून लिहून घ्यायचा सराव सुरू करा. माझ्या लेकाला उत्तरं तोंडपाठ होती, तरी अकाउंट्सच्या पेपरला तो अडला. खतावणी सांगताना आधी बाजू, मग खात्याचं नाव, मग रक्कम असा क्रम ठरलेला नव्हता. लेखनिक पोरगं जमेचं नावे लिहीत गेलं आणि ताळेबंद जुळेना. रकाने कोण आखणार, खोडलेलं वाचून कोण दाखवणार, हे घरीच पक्कं करा.

निवृत्त_गुरुजी: हे मात्र अगदी खरं. आणि परीक्षा विभागात समक्ष जा, ई-मेलवर विसंबू नका.

हळदपेठ: कोल्हापूरला एसटीनंच जा.

कृष्णाकाठ: ई-मेल केला, दोन्हीकडं. उद्या सिव्हिल. लेखनिक म्हणून तिचीच वर्गमैत्रीण चालेल का?

कोर्टगल्ली: नाही. २०२२ च्या सूचनांत स्वतः आणलेला लेखनिक शिक्षणात एक पायरी खालचा लागायचा, आता किती खालचा लागतो ते परीक्षा विभागाला विचारा. चालत असेल तर पहिल्या वर्षाचं कुणी बघा.

मिरजकर: माझी पुतणी बीकॉम पहिल्या वर्षाला आहे, अक्षर चांगलं आहे. तिला विचारून रात्री व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. पेपर सकाळी की दुपारी?