मदत हवी आहे: 'अ‍ॅडोलसन्स' नववीतल्या मुलाबरोबर बघावी का?

द्राक्षमळा: नेटफ्लिक्सवरची 'अ‍ॅडोलसन्स' (२०२५, चार भाग) बघून झाली. शाळेतल्या मुलीच्या खुनाच्या आरोपाखाली १३ वर्षांच्या जेमीला पकडतात, तीच. पण मत काही एक ठरत नाहीये. पहिला आणि तिसरा भाग जबरदस्त. दुसऱ्यातली शाळा बटबटीत: मास्तर सगळे हतबल, पोरं सगळी उद्धट. आणि जिचा जीव गेला ती केटी मालिकेत जवळजवळ नाहीच. इकडे नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून आठवी ते दहावीच्या मुलांना दाखवायचं घाटतंय. दाखवावी का? कोणते भाग? आणि मुलाने एकट्याने लावू नये म्हणून काय करता येईल?

सलग_शॉट: केटीबद्दलची तक्रार रास्त आहे. प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये आहे, त्यामुळे कॅमेरा ज्याच्या मागे लागला त्याचंच जग दिसतं, आणि इथे तो केटीच्या घरी कधी जातच नाही. हे लेखकांना ठाऊक आहे. दुसऱ्या भागात तपास करणारी सार्जंट फ्रँक नेमकी हीच खंत बोलून दाखवते. बोलून दाखवलं म्हणून उणीव भरून निघत नाही, ते वेगळं.

दुसरा भाग मात्र एका गोष्टीसाठी बघा. जेमीच्या इन्स्टाग्रामवर केटीने टाकलेल्या इमोजी पोलिसांना मैत्रीच्या वाटतात. इन्स्पेक्टरचा मुलगा अ‍ॅडम बापाला अर्थ सांगतो: लाल गोळी कशाची, १०० ची खूण कशाची. १०० म्हणजे ८० आणि २०: ८० टक्के मुलींना २० टक्केच मुलं आवडतात, हा इन्सेल मंडळींचा (मुली मिळत नाहीत म्हणून त्यांच्यावर ऑनलाइन राग काढणाऱ्या पुरुषांचा) दावा. म्हणजे केटी जेमीला इन्सेल म्हणून टोमणे मारत होती. हा कोश पाठ करू नका, खुणा ग्रुपागणिक बदलतात. भाग संपल्यावर मुलालाच विचारा, 'तुमच्याकडे यातलं काय चालतं?'

तिसरा भाग मध्ये थांबवू नका, सलग शॉटचा सगळा ताण तिथेच सांडतो. मानसशास्त्रज्ञ ब्रायनी जेमीसाठी हॉट चॉकलेट आणते, अर्धं सँडविच देते. नंतर एवढंच विचारा, 'तिने ते का आणलं असेल?' आणि गप्प बसा. लगेच 'बघितलंस ना, मोबाइलने काय होतं' म्हणालात की संपलं.

वकीलवाडीकर: पहिल्या भागानंतर मुलं विचारणार, 'आपल्याकडेही पोलीस असेच दार फोडून नेतात का?' उत्तर तयार ठेवा. इंग्लंडमध्ये वयाच्या १० व्या वर्षापासून फौजदारी जबाबदारी लागते. आपल्याकडे किशोर न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे १८ च्या आतल्या मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं. चौकशीच्या काळात जामीन नाही मिळाला तर निरीक्षणगृह, आपल्या उंटवाडीला आहे तसं. १३ वर्षांच्या मुलाला जास्तीत जास्त ३ वर्षं विशेष गृहात (दोषी ठरलेल्या मुलांच्या सुधारगृहात) ठेवता येतं. अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढांसारखा खटला चालू शकतो तो १६ ते १८ वयाच्या मुलांवर, तोही मंडळाने आधी तपासणी करूनच.

पिनकोड४२२: हॉलचा बेत सोडा. नेटफ्लिक्सची वर्गणी घरच्या वापरापुरती असते. शिवाय फोनची स्क्रीन प्रोजेक्टरवर मिरर केली की बहुतेकदा आवाज येतो आणि पडदा काळा राहतो, कॉपीसंरक्षणामुळे. आठवीतल्यांसाठी तर मी नाहीच म्हणेन.

घरी लॉक लावायला ब्राउझरमधून अकाउंटमध्ये जा, मुलाचं प्रोफाइल निवडा. तिथे वयाची मर्यादा ठरवता येते आणि नाव टाकून एकच मालिकाही बंद करता येते. गोची पुढे आहे: ही बंदी त्या प्रोफाइलपुरतीच. पोरगं तुमच्या प्रोफाइलवर जाऊन निवांत बघतं. म्हणून मोठ्यांच्या प्रत्येक प्रोफाइलला चार आकडी पिन लावा आणि 'नवीन प्रोफाइलसाठीही पिन' ही खूण करा, नाहीतर तो तिसरंच उघडेल. जन्मसाल पिन ठेवू नका, पहिला अंदाज तोच असतो.

द्राक्षमळा: हॉल रद्द करायला सांगते. थेट तिसऱ्यापासून सुरुवात केली तर?

सलग_शॉट: नको ताई. पहिल्याच्या शेवटी बापासमोर खुनाचं सीसीटीव्ही चित्रण दाखवतात, ते न बघता तिसरा बघितला तर मूल जेमीची बाजू घेऊन बसेल. पहिला, मग दुसऱ्यातला अ‍ॅडमचा प्रसंग, मग तिसरा. मध्ये एक दिवस जाऊ द्या. चौथा आईबापांचा आहे, तो त्याने नाही बघितला तरी चालेल.