अनुभव धागा : पाण्याविना गाडी धुणं, धंद्यात खरंच चालतं का?

बादलीबहाद्दर (पुणे)

घरपोच गाड्या धुण्याचं काम करतो. छोट्या टेम्पोत पाण्याची टाकी, जनरेटर, प्रेशर पंप, फोमची बाटली असा संसार. पण हल्ली नव्या सोसायट्या पंप आतच घेऊ देत नाहीत. बेसमेंटला उतार नसतो, पाणी साचतं, कुणीतरी घसरतं, मग कमिटीचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटतो. त्यात उन्हाळ्यात टँकरचे भाव वेगळेच. म्हणून ‘वॉटरलेस वॉश’ची बाटली घ्यावी का, या विचारात आहे. विकणारा सांगतो की दीड-दोनशे मिलीत अख्खी गाडी चकाचक. सांगणारच, त्याला बाटली विकायची आहे.

मला धंदा करणाऱ्यांचे अनुभव हवे आहेत. गाडीमागे वेळ किती जातो, फडकी किती लागतात, पोरांना जमतं का, गिऱ्हाईक महिन्याभराने काय म्हणतं? गिऱ्हाइकांनीही लिहा. विकणाऱ्यांनी लिंका टाकू नयेत, हात जोडतो.

पहाटपाळी (ठाणे)

घोडबंदर रोडला सोसायट्यांचं कंत्राट घेते, हाताखाली पोरं आहेत. उत्तर लांबणार आहे.

दादा, आधी हे मान्य करू या की सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारा पोरगा आजही एका बादलीत चार-पाच गाड्या उरकतो. तिसऱ्या गाडीपर्यंत बादलीत पाणी कमी नि माती जास्त असते. ज्या फडक्याने बंपर, त्याच फडक्याने बॉनेट. म्हणजे कमी पाण्यात गाडी पुसणं आपल्याकडे कधीचं चालू आहे, फक्त त्यात वंगण नाही. बाटलीतलं द्रावण मुख्यतः ते वंगण पुरवतं. त्यामुळे तुलना फोम वॉशशी केलीत तर बाटली हरेल, त्या बादलीशी केलीत तर आरामात जिंकेल. आमचं गिऱ्हाईक बादलीवालं होतं, म्हणून आमचं जमलं.

बेसमेंटमधली, रोज ऑफिसला जाऊन येणारी गाडी असेल तर तिच्यावर नुसती धूळ असते. एका वेळी एकच भाग घ्यायचा, अर्धं बॉनेट किंवा एक दार. भरपूर फवारायचं, अर्धा-एक मिनिट थांबायचं, मग फडकं एकाच दिशेने, न दाबता ओढायचं. गोल फिरवायचं नाही. फडक्याची चौघडी केली की आठ बाजू मिळतात, प्रत्येक ओढीला नवी बाजू. वरून खाली यायचं. छत, काचा, बॉनेट, दारं आणि अगदी शेवटी दारांच्या खालची पट्टी. सरावलेला पोरगा छोटी गाडी वीस-पंचवीस मिनिटांत करतो. नवा असेल तर पाऊण तास धरा, आणि त्याच्या मागे उभं राहा.

आता खर्चाचं. सगळे द्रावणाचा हिशोब करतात आणि फडक्यांचा विसरतात. एका गाडीला पाच-सहा मायक्रोफायबरची (बारीक कृत्रिम धाग्यांची) फडकी लागतात. वीस गाड्या म्हणजे रोज शंभरावर फडकी, आणि ती धुवायला पाणी लागतंच की! कपड्यांबरोबर धुवायची नाहीत, सुती धागे त्यांत अडकतात. सुगंधी कंडिशनर घालायचा नाही, फडकं शोषेनासं होतं. कडक उन्हात वाळवून राठ झालेली वेगळी काढायची. आम्ही वरच्या भागाला निळी, खालच्या भागाला करडी, चाकांना जुनी असे रंग ठरवले आहेत. आणि जमिनीवर पडलेलं फडकं झटकून पुन्हा वापरायची जी सवय पोरांना असते ना, ती मोडेपर्यंत माझा घसा बसला. एक खडा फडक्यात अडकला की पूर्ण दरवाजा गेला समजा.

काळीगाडी (मुंबई)

गिऱ्हाईक म्हणून लिहितो. नवी काळी सेडान. ॲपवरून माणूस यायचा, खांद्यावर बाटली अडकवलेली, हातात दोनच फडकी. सावलीत गाडी आरशासारखी दिसायची. एकदा पेट्रोल पंपावर उन्हात बॉनेटकडे तिरकं पाहिलं आणि जीव खाली गेला. सगळीकडे गोल गोल बारीक ओरखडे. डिटेलिंगवाल्याने पॉलिशचा जो आकडा सांगितला, त्यात दोन-अडीच वर्षं रोज गाडी पुसून घेता आली असती. कंपनीकडे तक्रार केली तर ‘ओरखडे आधीपासूनच होते’. आधीचे फोटो माझ्याकडे नव्हते.

बायकोची पांढरी गाडी तोच माणूस पुसायचा. तिच्यावरही ओरखडे असतीलच, पण पांढऱ्यावर कुणाला दिसतात!

पहाटपाळी

दोनच फडकी म्हटल्यावर काय होणार? म्हणूनच आम्ही पहिल्या दिवशी बॉनेट आणि चारही दारांचे टॉर्च मारून फोटो काढतो आणि मालकाला पाठवतो. भांडणं निम्म्याने कमी झाली.

परीक्षानळी (डोंबिवली)

रंगांच्या धंद्यात रसायनं बघतो, या बाटल्या बनवत नाही नि विकतही नाही. थोडं आतलं सांगतो.

गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, तो साधारण ४०-५० मायक्रॉनचा. माणसाचा केसही बहुधा त्याहून जाड असतो. रस्त्यावरच्या धुळीत सिलिका म्हणजे वाळूचे कण असतात आणि ते या थरापेक्षा कितीतरी टणक. कोरड्या फडक्याने ते ओढले की रेघ उमटणारच. द्रावणात मळ सोडवणारा सर्फॅक्टंट असतो, निसरडेपणा देणारं पॉलिमर असतं आणि बहुतेकांत चमकेसाठी मेण किंवा सिलिकोन. कण ओला होतो, त्याच्याभोवती निसरडा थर बसतो, मग तो फडक्याच्या तंतूंमध्ये शिरतो. कण बारीक आणि सुटे असले तर हे चालतं. चिखलाचा थर असेल तर वरचा पापुद्रा भिजतो, खालचा तसाच राहतो, आणि तुम्ही तो गाडीवर घासता. कितीही महाग बाटली आणा, यात फरक पडत नाही.

अजून एक. ‘वॉटरलेस’ आणि ‘रिन्सलेस’ या दोन वेगळ्या पद्धती आहेत, दुकानदार सर्रास एक करतात. रिन्सलेसमध्ये बादलीभर पाण्यात ३०-४० मिली द्रावण टाकून, मऊ स्पंज किंवा फडकं भिजवून गाडी पुसतात, नंतर पाणी मारावं लागत नाही. पाणी आठ-दहा लिटर, पण वंगण बाटलीपेक्षा भरपूर. पाइप लावून धुतलं तर दीडशे-दोनशे लिटर सहज जातात, त्यापुढे हे काहीच नाही. धंद्यासाठी मला विचाराल तर हीच पद्धत बरी. बाटली फक्त हलक्या धुळीला आणि पक्ष्यांच्या शिटेला. शिटेवर आधी द्रावणात भिजवलेला टिश्यू ठेवून पाच मिनिटं सोडा, खरवडू नका.

ऊसवाट (कोल्हापूर)

आमचं वॉशिंग सेंटर हाय, रॅम्पवालं. भावा, गाळपाच्या दिवसांत एकदा इकडं ये आणि शेतातनं आलेली बोलेरो त्या बाटलीनं पुसून दाव. चाकाच्या कमानीत घट्ट बसलेला काळा चिखल आम्ही पंपानं काढतो तवा किलोकिलोनं पडतो खाली. पावसाळ्यात तर इचारूच नको. गिऱ्हाइकाला खालनं पाणी मारलेलं बघायचं असतंय, त्याशिवाय पैसे द्यायला हात खिशात जात न्हाई.

पुण्याच्या बेसमेंटात चालत असंल. आम्ही फकस्त आतला डॅशबोर्ड नि काचांना वापरतो.

संत्राबर्फी (नागपूर)

भाऊ, इकडे दोन भानगडी आहेत. एक ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. उघड्यावर उभ्या गाडीच्या बॉनेटवर फवारलं की पुसायच्या आत सुकून जातं आणि पांढरे डाग राहतात. काचेवर सिलिकोनचा तवंग राहिला तर रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यात काहीच दिसत नाही. म्हणून आम्ही सकाळी आठच्या आत संपवतो, आणि काचेला वेगळं, बिनमेणाचं द्रावण.

दुसरी भानगड राखेची. कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांच्या आसपासच्या वस्त्यांत गाडीवर राखेचा करडा थर येतो. दिसायला पावडर, पण कण काचेसारखे टणक. तिथे आम्ही आधी बॅटरीवरचा ब्लोअर मारतो, हात लावतच नाही. नवीन बांधकामाच्या सिमेंटच्या धुळीलाही तेच, ओली करण्याआधी उडवायची. ब्लोअरचे पैसे दोन महिन्यांत वसूल झाले. बादलीबहाद्दर, बाटली घ्या न घ्या, ब्लोअर घ्याच. टेम्पोत जनरेटर आहेच तुमच्याकडे.

मांजराकाठ (लातूर)

२०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ‘जलदूत’. घागरींच्या रांगेत भांडणं नकोत म्हणून टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. अशा गावात वॉशिंग सेंटर चालवायचं तरी कुठल्या तोंडाने? बोअर आटलाच होता, पण थोडं पाणी असतं तरी रस्त्याकडेला पाइप धरायची हिंमत झाली नसती, आणि व्हायलाही नको होती.

तेव्हा एका डीलरकडून बाटल्या आणल्या. डॉक्टर, वकील, दोन-चार शोरूम एवढंच गिऱ्हाईक. गाड्या चांगल्या निघायच्या का? कामापुरत्या. दारांच्या फटींत, चाकांत, नंबरप्लेटच्या मागे मळ तसाच राहायचा. पण त्या दिवसांत कुणी तक्रार केली नाही. पोरांचा पगार निघाला आणि सेंटर बंद पडलं नाही, माझ्या लेखी एवढं पुष्कळ.

पुढे पाऊस बरा झाला आणि तीच माणसं पुन्हा फोम वॉश मागायला आली. बाटलीचे फायदे समजावून पाहिले. ‘आता पाणी आहे ना?’ असं विचारायचे. त्यामुळे लोकांना हे पटतं की नाही, या प्रश्नाचं माझं उत्तर: टंचाईत पटतं. आता मी दोन्ही ठेवतो. मार्चपासून बाटली पुढे, जुलैपासून पंप.

खजूरकर (दुबई)

इथे हा प्रश्न कुणी विचारतच नाही. मॉलच्या पार्किंगमध्ये ट्रॉली घेऊन फिरणारी पोरं असतात. आपण सामान घेऊन येईपर्यंत गाडी पुसून तयार. गाडी धूळ खात रस्त्यावर सोडून गावाला गेलात तर नगरपालिकेचा ५०० दिरहमचा दंड आहे, त्यामुळे मागणी बारमाही. मी एका टॅक्सी-लिमोझिन कंपनीत गाड्यांची देखभाल बघतो. रोजच्या रोज पुसल्या जाणाऱ्या गाडीला ही पद्धत उत्तम, कारण मळ साचतच नाही. पण वाळूचं वादळ येऊन गेलं की त्या दिवशी फडकं लावायला आमच्याकडे सक्त मनाई, आधी प्रेशरचं पाणी. हा नियम न पाळणाऱ्यांच्या गाड्या विकताना भाव पडतो, आणि सेकंडहँडवाला टॉर्च घेऊनच येतो.

मल्लेश्वरमवाला (बेंगळुरू)

मार्च २०२४ मध्ये इथल्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचं पाणी गाड्या धुवायला वापरण्यावर बंदी घातली, दंड ५००० रुपये. आमच्या अपार्टमेंटचा गाडी पुसणारा दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन हजर! महिना शंभर रुपये वाढवून मागितले, सगळ्यांनी मुकाट दिले.

पण बंदी पिण्याच्या पाण्यावर होती. आमच्या एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचं, शुद्ध केलेलं पाणी रोज गटारात जात होतं, ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. आता त्याच पाण्याने रिन्सलेस करतात. एक अडचण आहे, क्षार जास्त असले तर डाग पडतात, म्हणून लगेच कोरडं पुसावं लागतं. बोअरच्या पाण्याचंही तेच. या एका बाबतीत बाटली सरस आहे, पाण्याचे डागच नाहीत.

मांडवीपार (गोवा)

रेंट-अ-कारच्या गाड्या बघतो. पाहुणे किनाऱ्यावरून वाळू भरून आणतात, आणि खारट हवा वेगळीच. वरून कितीही चमकवा, गंज लागतो तळाला. बाटली गाडीच्या पोटाखाली जात नाही. एका पाहुण्याची गाडी परत आली नि दुसरा तासाभरात न्यायला येणार असेल तेव्हा बाटली, एरवी पाणी. लाल मातीच्या रस्त्यावरून आलेली असेल तर पाणीच.

बादलीबहाद्दर

सगळ्यांचे आभार, खास करून ब्लोअरसाठी. ठरवलंय ते असं: बेसमेंटवाल्या गिऱ्हाइकांना ब्लोअर आणि बादलीची रिन्सलेस पद्धत, बाटली फक्त मधल्या दिवसांच्या हलक्या पुसण्याला. पंप टेम्पोतच राहील. पहाटपाळी ताई, एक विचारायचं राहिलं. गाडी चिखलाने भरलेली निघाली तर तुमचा पोरगा तिथे काय करतो? आणि दर?

पहाटपाळी

पुसतच नाही. फोटो काढून मालकाला पाठवतो, ‘आज फक्त काचा आणि आतून’. महिन्याच्या पैशात चिखल धरलेला नाही, हे पहिल्याच दिवशी छापील कागदावर सही घेऊन सांगितलेलं असतं. जून ते सप्टेंबर जवळच्या वॉशिंग सेंटरशी ठरवलं आहे. मालकाने गाडी तिथे न्यायची, त्याला थोडी सूट, आम्हाला थोडं कमिशन. पावसाळ्यात काही गिऱ्हाइकं गळतात, ऑक्टोबरमध्ये परत येतात.

दर म्हणाल तर बादलीवाल्यापेक्षा दीडपट लावा. त्याहून कमी घेतलात तर फडक्यांवर काटकसर सुरू होते आणि मग ‘काळीगाडी’ यांच्यासारखी तक्रार येते.

परीक्षानळी

एक भर. मॅट रंगाची गाडी आली तर मेण किंवा सिलिकोन असलेलं काहीही लावू नका, मधूनच चकाकणारे चट्टे पडतात. बाटलीवर ‘मॅटसाठी चालेल’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर गाडी परत पाठवा.

बादलीबहाद्दर

उद्याच एक मॅट करडी एसयूव्ही आहे यादीत. बरं झालं सांगितलंत, आताच फोन करतो.