मदत हवी आहे : पीडितेच्या हक्कांचं एक पान मालवणीत हवंय

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रामपंचायतींत लावायला लैंगिक अत्याचाराच्या कायद्यावर एक पान केलंय. प्रमाण मराठीत ते नोटिशीसारखं वाटतं. मालवणी आणि संगमेश्वरी बोलीत कोण उतरवून देईल?

मजकूर असा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, त्यामुळे ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर चालत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते. कलम 397 प्रमाणे सरकारी असो वा खासगी, दवाखान्यानं ताबडतोब मोफत उपचार करायचे, आधी एफआयआर मागायचा नाही. तपासणी संमतीनेच. घटनेच्या 72 तासांनंतर पुरावा मिळणं फार अवघड होतं.

आपल्याकडे घोळ होतो तो कपड्यांचा. धुवायचे नाहीत हे सांगितलं जातं, पण मग ते ओले तसेच प्लास्टिकच्या पिशवीत बांधतात. पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरते, नमुना वाया. सावलीत वाळवून कागदी पाकिटातच ठेवायचे. हे वाक्य बोलीत अगदी ठसठशीत यायला हवं.

शिक्षेची एकच ओळ ठेवलीय : बलात्काराला किमान 10 वर्षं सक्तमजुरी. महिला-मुलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा आणू पाहणारं राज्याचं ‘शक्ती’ विधेयक 2021 मध्ये विधिमंडळात मंजूर झालं, तरी कायदा झालं नाही. लोक अजून विचारतात, म्हणून तेही घातलंय.

शिवाय पीडितेला अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्याच्या ‘मनोधैर्य’ योजनेचे अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात भरून देणारं कोणी असेल तर कळवा. कुठल्याही पीडितेचं नाव किंवा गाव मात्र इथे लिहू नका, तो गुन्हा आहे.