चर्चा: सोळा वर्षांच्या मुलीला कॅमेऱ्यासाठी घरच्यांनी पैसे उसने द्यावेत का?

रानजाई (धागा सुरू करणारी)

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. गेलं दीड वर्ष तिला चांगल्या कॅमेऱ्याचा ध्यास लागलाय. खालच्या मजल्यावरच्या दोन लहान मुलांना ती शिकवते, त्यातून थोडं थोडं साठवते. दीड वर्षात किमतीचा एक तृतीयांश भाग जमला आहे.

परवा तिने मला, तिच्या बाबांना, मामाला आणि आजीला एकत्र बसवलं आणि वहीचं एक पान पुढे केलं. पट्टीने आखलेले रकाने: एकूण किंमत, माझ्याकडचे, कमी पडणारे, कोणाकडून किती, परत कधी. शेवटच्या रकान्यात '१८ महिने'. खाली स्वतःची सही केलेली आणि आमच्या सह्यांसाठी चार रेघा.

मामा लगेच तयार झाला. आजी काहीच बोलली नाही. बाबा मात्र दुखावले. "घरात कसला कागद? द्यायचे तर देऊन टाकू, नाहीतर थांब म्हणू," असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, पोर उसने मागतेय तर उसनेच द्यावेत. ते पान बघून माझा जीव भरून आला होता, त्यामुळे माझं मत कितपत धरायचं ते तुम्हीच सांगा.

कोरा कागद

ताई, मी यजमानांच्या बाजूने. स्वतःवरून सांगतो. सतराव्या वर्षी कॉम्प्युटर घ्यायला काकांकडून पैसे घेतले होते, वर्षभरात फेडतो म्हणून. पाच महिने दिले. मग संध्याकाळचं काम सुटलं आणि हप्ता राहिला. काका एका शब्दाने बोलले नाहीत, मीच त्यांच्याकडे जाणं टाळायला लागलो. घरी फोन वाजला आणि काकांचा आवाज आला की मी आंघोळीला जायचो. दोन वर्षं अशी गेली. ज्या माणसाने मला सायकल शिकवली, त्याला मी तोंड चुकवत होतो.

पुढे सगळे पैसे फेडले. पण ती दोन वर्षं परत आली नाहीत, आणि काका आता नाहीत. म्हणून म्हणतो, घरात एकतर भेट द्या, नाहीतर स्पष्ट नाही म्हणा. मधलं काही नको.

हिशेबनीस

कोरा कागद, तुमचं दुःख समजतं. तरी मला उसने देणंच योग्य वाटतं. घरच्यांनी दार लावलं तर पोरं दुकानातल्या हप्त्यांकडे बघतात. बहुतेक ठिकाणी अठरा वर्षांखालच्या मुलाने एकट्याने केलेला कर्जाचा करार त्याच्यावर बंधनकारक धरत नाहीत, म्हणून सही आईबापांची लागते. म्हणजे कर्ज तुमच्याच नावावर, वर व्याज.

ते व्याजही नीट समजून घ्या. 'फक्त १२ टक्के, फ्लॅट' म्हणतात तेव्हा १०० घेतले तर वर्षभरात ११२ फेडायचे, दरमहा सारखा हप्ता. पण तुमच्याकडे १०० वर्षभर राहत नाहीत, पहिल्या महिन्यापासून मुद्दल कमी होत जातं. घटत्या शिलकीवर मोजलं तर तोच दर साधारण साडेएकवीस टक्के पडतो. हे सोळाव्या वर्षी घरात बसून कळलं तर जन्मभर उपयोगी पडेल.

आता तुमच्या मुलीच्या पानाकडे वळतो, कारण त्यात एक अडचण दिसते. किमतीचे तीन समान वाटे धरा. एक वाटा साठायला तिला दीड वर्ष लागलं. उरलेले दोन वाटे ती दीडच वर्षात फेडणार म्हणते, म्हणजे वेग दुप्पट हवा. शिकवण्या तेवढ्याच राहणार असतील तर पहिल्याच हप्त्यापासून पैसे निम्मे पडणार, आणि दीड वर्ष संपेल तेव्हा निम्मं देणं उरलेलंच असेल. तिचा हेतू खोटा नाही, आकडा चुकलाय. सही करण्याआधी हे तिच्यासमोर मांडा. सांगून टाकू नका, तिलाच भागाकार करू द्या.

ओंजळ

एका गोष्टीवर कुणीच बोललं नाही. आजी! ती काही बोलली नाही, याचा अर्थ ती तयार आहे असा नाही. नातीने सगळ्यांदेखत कागद पुढे केला तर कुठली आजी नाही म्हणेल? म्हाताऱ्या माणसाची शिल्लक हा त्याचा शेवटचा आधार असतो. तिला पुन्हा कमावता येणार नाही. माझ्या मते ती रेघ आजच खोडा.

आणि मामाला मुलं आहेत का? असतील तर ती हे बघताहेत. उद्या तीही मागतील, तेव्हा मामीला काय वाटेल ते मामाने आधी विचारावं.

तिपाई

मी गेली बारा वर्षं फोटो काढूनच पोट भरतो, म्हणून वस्तूबद्दल बोलतो. नवाच कॅमेरा कशाला? बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, लवकर जुनी होते, नवं मॉडेल आलं की भाव उतरतो. चांगली लेन्स मात्र वर्षानुवर्षं किंमत टिकवते. वापरलेली बॉडी घ्या आणि वाचलेले पैसे लेन्समध्ये घाला. ५० मिलिमीटर, एफ १.८ ही लेन्स जवळपास प्रत्येक कंपनीच्या स्वस्त लेन्समध्ये सापडते. शिकायला तिच्यासारखी दुसरी नाही. झूम नसल्याने पायांनी पुढे-मागे व्हावं लागतं, त्यातून चौकट कळते.

वापरलेला घेताना शटर काउंट विचारा, म्हणजे आतापर्यंत किती वेळा क्लिक झालाय तो आकडा. सुरुवातीच्या श्रेणीतल्या अनेक डीएसएलआरचं (लेन्स बदलता येणाऱ्या, आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचं) शटर साधारण एक लाख क्लिक धरून बनवलेलं असतं. वीस हजार झाले असतील तर बिनधास्त घ्या. लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशीचे धागे दिसतात का तेही बघा. धाग्यासारखं काही दिसलं तर उठून या, विकणारा कितीही गोड बोलू दे. आणि कार्ड, जादा बॅटरी, पिशवी हे तिच्या 'एकूण किंमत' रकान्यात आहे का? बहुतेक जण इथेच फसतात.

हिशेबनीस

तिपाई, तुमच्यामुळे माझी अडचण सुटली. कार्ड-बॅटरीसकट वापरलेला सगळा संच नव्याच्या दोन तृतीयांश किमतीत बसला, तर एक वाटा तिच्याकडे आहेच. एकच वाटा उसना लागेल, आणि तेवढा दीड वर्षात जमवून तिने दाखवलाच आहे.

कोरा कागद

हिशेब पटला. भीती तरी जात नाही. बँकेचा हप्ता चुकला तर दंड भरून माणूस मोकळा होतो. काकाचा हप्ता चुकला तर काय भरायचं, हेच मला ठाऊक नव्हतं.

नुकताच अठरा

मी त्या मुलीच्या जवळच्या वयाचा आहे, म्हणून लिहितो. 'देऊन टाकू' हे आम्हाला कसं ऐकू येतं ते सांगतो. माझा लॅपटॉप घरच्यांनी असाच दिला. फार प्रेमाने दिला, याबद्दल शंका नाही. पण नंतर मार्क कमी पडले की लॅपटॉप निघायचा. उशिरा झोपलो की लॅपटॉप. मित्राला दोन दिवस वापरायला दिला तर "आम्ही काय यासाठी घेऊन दिला?" वस्तू माझ्या टेबलावर होती, माझी नव्हती.

तिला कागद हवाय तो बहुतेक यासाठी. बाबांना किंवा घरच्या नात्याला दुखवायचं म्हणून नाही. आपण घेतलेली वस्तू आपली असावी म्हणून. तिच्या बाबांना हे कुणीतरी सांगा, प्लीज.

ओंजळ

वाचून गप्प बसले. माझ्या मुलाला मी हेच वाक्य शंभरदा ऐकवलंय.

हिशेबनीस

कोरा कागद, तुमच्या शेवटच्या ओळीवर रात्रभर विचार केला. तुम्हाला जे ठाऊक नव्हतं, तोच रकाना या पानावर नाही: हप्ता चुकला तर काय. तो आधी लिहिलेला असता, तर कदाचित तुम्ही काकांचा फोन घेतला असता. ताई, तो रकाना तिच्याकडून भरून घ्या. आणि पैसे एकाच माणसाकडून घ्यावेत. चौघांचं देणं म्हणजे चार जणांची नजर.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तिला जवळ बसवून भागाकार करायला लावला. दोनदा केला, मग पेन खाली ठेवून बराच वेळ आकड्याकडे बघत राहिली. रडेल असं वाटलं. "म्हणजे नवा नाही जमणार," एवढंच म्हणाली आणि नवीन पान आखायला घेतलं.

आजीची रेघ तिने स्वतः गाळली. आजीला सांगितलं तेव्हा आजीने तिचा हात धरून ठेवला. सुटल्यासारखी दिसली, ओंजळताई. नव्या पानावर एकच वाटा उसना आहे, तोही मामाकडून, मामीशी बोलून. परीक्षेच्या दोन महिन्यांत हप्ता नाही, ते दोन महिने शेवटी वाढतील. 'हप्ता चुकला तर' या रकान्यात तिने लिहिलंय: 'त्याच दिवशी मामाला मी स्वतः फोन करीन आणि पुढची तारीख सांगीन.' कोरा कागद, ही ओळ तुमची आहे, तिला मी तुमची गोष्ट वाचून दाखवली.

लॅपटॉपवाला प्रतिसाद यजमानांपुढे ठेवला. चष्मा लावून दोनदा वाचला, बोलले काहीच नाहीत. कागद त्यांना अजून पटलेला नाही. रविवारी मामा-भाची एक वापरलेला कॅमेरा बघायला जाणार आहेत, आणि सकाळी यांनी तिला विचारलं, "शटर काउंट कुठे बघायचा असतो गं?"