सैगल यांच्या वळणाचा आवाज: कोणाची गाणी ऐकवावीत?

माझे वडील ऐंशीच्या घरात आहेत. नोकरीच्या काळात रेडिओ सिलोनवर सकाळी आठच्या सुमारास लागणारे कुंदनलाल सैगल यांचे गाणे ऐकल्याखेरीज ते घराबाहेर पडत नसत. आता नजर अधू झाल्यामुळे त्यांचा बराचसा दिवस ऐकण्यातच जातो, मात्र माझ्याकडची सैगल यांची सगळी गाणी त्यांना तोंडपाठ झाली आहेत. त्याच वळणाने गाणारे, परंतु निव्वळ नक्कल न वाटणारे कोणी असल्यास कृपया सुचवावे.

प्रतिसाद १

सी. एच. आत्मा यांच्यापासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन. मूळचे सिंधमधील असलेल्या या गायकाचे 'प्रीतम आन मिलो' हे गैरफिल्मी गीत ओ. पी. नय्यर यांनी स्वरबद्ध केले होते. ओळ संपताना आवाज खाली उतरवून किंचित नाकात घोळवण्याची सैगल यांची लकब त्यात स्पष्ट जाणवते. जानेवारी १९४७ मध्ये सैगल गेले, तरी आत्मा त्याच वळणाने गात राहिले. त्यामुळे त्यांच्यावर सैगल यांच्या छायेचा शिक्का बसला आणि त्यांच्या स्वतःच्या आवाजातील ओलाव्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले, याचे मला मनापासून वाईट वाटते. १९५१ च्या 'नगीना'मधील 'रोऊँ मैं सागर के किनारे' हे गीतही अवश्य ऐकवावे.

प्रतिसाद २

वरील सूचनेशी सहमत आहे, पण मुकेश यांना वगळू नये. १९४५ च्या 'पहली नज़र'मध्ये अनिल विश्वास यांनी त्यांच्याकडून गाऊन घेतलेले 'दिल जलता है तो जलने दे' हे सैगल यांच्या वळणाचे गाणे आधी लावावे आणि त्यामागोमाग नौशाद यांच्या १९४९ च्या 'अंदाज़'मधील गाणी लावावीत, म्हणजे चार वर्षांत मुकेश स्वतःच्या आवाजाकडे कसे वळले, हे आपल्या वडिलांसारख्या जाणत्या कानाला सांगावे लागणार नाही. किशोरकुमार यांचे 'ज़िद्दी'मधील (१९४८) पहिलेवहिले गाणेही याच वळणाचे आहे.

धागाकर्ती

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री नाव न सांगता आत्मा यांचे गाणे लावले. दुसऱ्याच ओळीला वडील म्हणाले, "हे सैगल नव्हेत." मी बंद करण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा त्यांनी माझे मनगट धरून ठेवले आणि गाणे संपल्यावर पुन्हा लावायला सांगितले. आज मुकेश यांची गाणी आपण सुचवलेल्या क्रमाने ऐकवणार आहे.