संरक्षणाला ६.८१ लाख कोटी, मग खाडीतली गस्ती बोट जेट्टीलाच का बांधलेली?

खाडीकाठ (दापोली तालुका)
नमस्कार मंडळी. येत्या ग्रामसभेत सागरी सुरक्षेचा ठराव मांडायचा आहे, मसुदा माझ्याकडे आलाय. माझं मत आधीच सांगतो: २०२५-२६ साठी संरक्षणाला ठेवलेले ६.८१ लाख कोटी मला कमीच वाटतात. जीडीपीच्या दोन टक्केही होत नाहीत, आणि आपले शेजारी कसे आहेत ते नव्याने सांगायला नको. पण त्यातलं खाडीच्या तोंडापर्यंत काय पोचतं? पोलिसांची बोट आठवडेच्या आठवडे जेट्टीला बांधलेली असते. 'संरक्षण खात्याने नवी अद्ययावत बोट द्यावी' असं लिहा, असं बरेच जण सुचवतायत. ते बरोबर आहे का? मागायचं कुणाकडे आणि नेमकं काय?

साधा_हिशेब
संरक्षण खात्याकडे मागू नका. पत्र फिरत फिरत पुन्हा जिल्ह्यातच येईल.

२६/११ नंतर वाटणी ठरली ती अशी. एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाची. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत गस्त राज्याच्या सागरी पोलिसांची, त्यापुढे २०० मैलांपर्यंत तटरक्षक दल. किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात सगळ्यांची सांगड घालायची तीही तटरक्षक दलानेच. सागरी पोलिसांचा पैसा संरक्षणाच्या ६.८१ लाख कोटींत येतच नाही. बोटी केंद्रीय गृहखात्याच्या किनारी सुरक्षा योजनेतून आल्या, पहिला टप्पा २००५ पासून आणि दुसरा २०११ पासून. पगार, डिझेल, दुरुस्ती बघायची राज्याच्या गृहखात्याने. म्हणजे दिल्लीने संरक्षणाची तरतूद उद्या दुप्पट केली तरी तुमच्या जेट्टीवरच्या बोटीच्या टाकीत थेंब वाढणार नाही.

बाकी तरतूद वाढली पाहिजे याच्याशी शंभर टक्के सहमत. ६.८१ लाख कोटींपैकी नव्या सामग्रीसह भांडवली खर्चाला १.८० लाख कोटी आणि पेन्शनला १.६० लाख कोटी. पेन्शन कापा म्हणणारे इथे येतीलच, त्यांना आधीच सांगतो, ते ऐन उमेदीची वर्षं सीमेवर घालवलेल्यांचं देणं आहे, त्याला हात लावायचा नाही. वाढवायचा तो एकूण आकडा. जून २०२५ मध्ये पाकिस्तानने डबघाईला आलेली अर्थव्यवस्था सांभाळत संरक्षण तरतूद २० टक्क्यांनी वाढवली. चीनकडून ते हँगोर वर्गाच्या आठ पाणबुड्या घेतायत. आपल्याकडे कलवरी वर्गातली सहावी, वागशीर, जानेवारी २०२५ मध्ये दाखल झाली. पुढच्या सहा पाणबुड्यांची निविदा मात्र २०२१ ची, आणि पाणबुडी काही दुकानात टांगलेली नसते. एक गोष्ट बरी झाली: तटरक्षक दलाचा भांडवली निधी ३,५०० कोटींवरून ५,००० कोटींवर गेला.

इंजिनरूम
नवी बोट अजिबात मागू नका. मिळेल, फोटो निघतील, आणि तीन पावसाळ्यांत तीही पहिलीच्या शेजारी बांधलेली दिसेल. मागा चालवायचा खर्च.

हिशेब करून बघा. डिझेल इंजिन पूर्ण जोरात चालवलं तर दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण ०.२ लिटर पितं. ३०० अश्वशक्तीची दोन इंजिनं धरा, म्हणजे तासाला १२० लिटर. गस्त निम्म्या जोरावर घातली तरी ६० लिटर. चार तासांच्या एका फेरीला २४० लिटर, ९० रुपयांच्या भावाने २१,६०० रुपये. महिन्याला वीस फेऱ्या म्हटल्या तर एका बोटीला नुसतं डिझेलच ४ लाख ३२ हजार. ही रक्कम वेळेवर आली नाही की फेऱ्या वीसाच्या चार होतात आणि वहीत 'हवामान खराब' असा शेरा पडतो.

दुसरं दुखणं, उभ्या बोटीचं. चालत्या बोटीपेक्षा बांधून ठेवलेली बोट लवकर मरते, हे कुठलाही तांडेल (बोटीचा प्रमुख) सांगेल. खाडीत गाळ. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी इंपेलर कोरडा पडून तडकतो, गाळणीत चिखल आणि प्लास्टिकच्या पिशव्या बसतात, इंजिन थंड ठेवणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या नळ्या तुंबतात. मग बोट बाहेर काढली की वीस मिनिटांत तापमानाचा काटा लाल. तळाला शिंपल्या धरल्या की तेवढंच डिझेल जाळून वेग बराच खाली येतो, आणि संशयित ट्रॉलरच पुढे निघून जातो. गंज आपल्या अंगावर घेणारे जस्ताचे तुकडे निम्मे झिजले की बदलायचे असतात. ते राहिले तर गंज प्रोपेलरला आणि शाफ्टला लागतो. टाकी अर्धी रिकामी ठेवली तर आत पाणी धरतं आणि इंजेक्टर जातात. यातलं एकही काम महाग नाही. पण पंचवीस-तीस हजारांच्या सुट्या भागासाठी फाइल मुंबईला जाऊन यायची म्हणजे हंगाम गेला.

तिसरं, माणसं. ठाण्यातल्या हवालदाराला बोट चालवता येत नाही, त्यात त्याचा दोष नाही. सारंग (बोट हाकणारा) आणि इंजिन ड्रायव्हर हवेत, तेही कायमचे. कंत्राट संपलं की बोट बिनचालकाची.

आणि जेट्टी कुठे आहे ते बघा. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असेल आणि बोटीला मीटरभर पाणी लागत असेल, तर ओहोटीला ती आतच अडकते. शत्रू भरतीची वाट बघणार नाही. दांड्याच्या बाहेरच्या अंगाला तरंगती जेट्टी हवी.

दस्तक
पैशाबरोबर शिस्तही मागा. जुन्या मराठा आरमाराचं दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय या किनाऱ्यावरून गलबत जात नव्हतं. आजचं दस्तक म्हणजे ट्रान्सपॉन्डर, बोट कुठे आहे ते कळवणारं यंत्र, आणि त्यात सवलत असता कामा नये.

२० मीटर व त्याहून लांब मासेमारी नौकांना एआयएस (बोटीचा क्रमांक आणि ठिकाण रेडिओवरून आपोआप सांगणारं यंत्र) सक्तीचं आहे. त्याखालच्या, म्हणजे कोकणातल्या बहुतेक बोटींसाठी केंद्राने ३६४ कोटींची एक लाख ट्रान्सपॉन्डरची योजना काढली. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरलाच तिचा आरंभ झाला. उपग्रहावरून चालतो, दोन्ही बाजूंनी संदेश जातो, संकटाचं बटण आहे. पण तो बंद करून ठेवतात. कधी मासळीची जागा दुसऱ्याला कळू नये म्हणून, कधी बंदीच्या पट्ट्यात जाळं टाकलेलं दिसू नये म्हणून. माझं मत कडक आहे: सलग बंद सापडला तर त्या महिन्याचा सरकारकडून मिळणारा डिझेल परतावा नाही. खिशाला लागल्याशिवाय सवय लागत नाही.

रडारवर सगळं सोडू नये. ५० मीटर उंच मनोऱ्यावरच्या रडारला पाण्यापासून मीटरभर वर असलेली वस्तू जास्तीत जास्त १८ सागरी मैलांपर्यंत दिसू शकते, तीही कागदावर. लाकडाची किंवा फायबरची होडी लहरी फार कमी परतवते, आणि पावसाळी लाटांच्या गोंधळात ती बुडूनच जाते. उलटा प्रकारही होतो. जुलै २०२५ मध्ये रायगडातल्या कोर्लईसमोर रडारवर पाकिस्तानी बोट दिसली म्हणून सगळी यंत्रणा धावली, आणि शेवटी ती बोट नसून जाळ्याला लावलेला बोया असल्याचा निष्कर्ष निघाला. अशा बोयातलं यंत्र बोटीसारखाच क्रमांक प्रसारित करतं. क्रमांकाचे पहिले तीन आकडे ४६३ असले तर पाकिस्तान, ४१९ असले तर भारत. धावपळ फुकट गेली असं मी म्हणणार नाही, धावलेच पाहिजेत. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला तीन एके-४७ असलेली बेवारस नौका थेट वाळूत येऊन लागली होती. ती ओमानच्या बाजूने वाहत आलेली निघाली हे नशीब.

रापणकार (मालवण)
दस्तकराव, परतावा तोडण्याआधी यंत्र बिघडलं तर दुरुस्त कोण आणि किती दिवसांत करणार ते लिहा. नाहीतर प्रामाणिक माणूस मरेल. बाकी शिस्तीला कुणाचा विरोध नाही. रायगडातल्या शेखाडीला फेब्रुवारी १९९३ मध्ये मुंबई बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स उतरलं ते बोटी कमी होत्या म्हणून नव्हे, कस्टम आणि पोलिसातली माणसं विकली गेली म्हणून. त्याला कुठलंही रडार पुरत नाही.

आणि २६/११ ला कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत रबरी होडीतून उतरलेल्यांना 'कोण तुम्ही' हे पहिल्यांदा विचारलं ते कोळ्यांनी. म्हणून ठरावात सागर रक्षक दलाच्या, म्हणजे किनाऱ्यावर नजर ठेवणाऱ्या गावच्या स्वयंसेवक पोरांसाठी काहीतरी घाला: लाइफ जॅकेट, टॉर्च, व्हीएचएफ (बिनतारी) संच, विमा. नुसतं ओळखपत्र आणि वर्षातून एक चहा देऊन कोण रात्र जागवणार? खलाशांची नोंदही मच्छीमार सोसायटीत ठेवा. हंगामाला नेपाळ, कर्नाटकातून माणसं येतात, ऑगस्टमध्ये निम्मी बदललेली असतात आणि कागदावर जुनीच नावं.

बोट गाळात रुतली की मगे गस्त कसली घालतले, हां एक इंजिनरूमवाल्यान बराबर सांगितल्यान.

खाडीकाठ (दापोली तालुका)
फारच उपयोगी, मंडळी. 'नवी बोट' काढून टाकलं. आता ठराव राज्याच्या गृहखात्याला, प्रत पोलीस अधीक्षक आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयाला. बोट खरंच किती चालते याचा पुरावा हवा. माहिती अधिकारात गस्तीचं वेळापत्रक मागू का?

साधा_हिशेब
वेळापत्रक मागू नका. कलम ८(१)(अ) खाली सुरक्षेच्या कारणाने नाकारतील आणि ते योग्यही आहे, गस्त कधी असते हे जगजाहीर होऊन कसं चालेल? गेल्या तीन आर्थिक वर्षांत डिझेलवर झालेला खर्च, दुरुस्तीची बिलं आणि मंजूर व भरलेली तांत्रिक पदं, एवढंच विचारा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. डिझेलच्या रकमेला इंजिनरूमच्या २१,६०० ने भागलंत की फेऱ्यांचा अंदाज तुमचा तुम्हालाच येईल.

इंजिनरूम
फक्त भागण्याआधी बोटीची अश्वशक्ती पाटीवरून बघून घ्या. २१,६०० हा ३०० च्या दोन इंजिनांचा आकडा आहे. आणि जून-जुलैचे ६१ दिवस वेगळे काढा, मासेमारी बंदीत फेऱ्या कमी झाल्या असतील तर तेच आधी विचारायला हवं. त्या दिवसांत बाहेर यांत्रिक नौका दिसणंच संशयास्पद असतं.

रापणकार (मालवण)
ठरावात १५५४ हा तटरक्षक दलाचा नंबर आणि व्हीएचएफचा चॅनेल १६ प्रत्येक बोटीच्या केबिनमध्ये रंगवून घ्यायचं कलमही टाका. रंगाचा एक डबा सोसायटी देईल.